दुर्बिणीत गुरू लंबगोल दिसतो, मोबाईलमध्ये नुसता पांढरा गोळा येतो. मापायचा कसा?

लेथवाला_येळ्ळूर
२६ डिसेंबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर आहे, बावीस वर्षं झाली. दिवाळीच्या आधी हुबळीतल्या एका गृहस्थांकडून जुनी सहा इंची दुर्बीण घेतली. न्यूटनियन, म्हणजे आरशाची, आणि डॉब्सन म्हणजे हाताने फिरवायच्या साध्या स्टँडवरची. आरसा १५० मिमी, फोकल लेंग्थ १२०० मिमी. बरोबर २५ आणि १० मिमीच्या दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि दोनपट वाढवणारी एक बार्लो मिळाली. टेम्पोत दोन गाद्यांच्या मध्ये नळी ठेवून आणली.

चंद्र बघून झाला. शनीची कडी सध्या सुईसारखी बारीक आहे, तीही बघितली. आता महिनाभर रोज गुरू बघालोय. मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, चुकायचं काही कारणच नाही इतका तेजस्वी. १० मिमीच्या आयपीसमधून दोन तपकिरी पट्टे स्वच्छ दिसतात. चारही चंद्र दिसतात, आणि एक चंद्र तासाभरात सरकलेलासुद्धा कळतो.

पण माझ्या डोळ्याला एक वेगळीच गोष्ट खुपली. गुरू गोल नाही. पट्टे ज्या दिशेला आहेत त्या दिशेला तो रुंद आहे आणि वर-खाली दबलेला आहे. शंभर मिलिमीटरच्या जॉबमध्ये (लेथवरच्या नगात) दोन शतांश मिलिमीटरची ओव्हॅलिटी, म्हणजे लंबगोलपणा, असेल तर मला डायल लावल्याशिवाय कळणार नाही. पण पाच-सहा मिलिमीटरचा फरक असेल तर डायल लागत नाही, नजर सांगते. इथं नजर सांगालीय. शॉपमध्ये बोललो तर सगळ्यांचं म्हणणं एकच, जुनी दुर्बीण आहे, आरसा वाकडा असंल. असेलही. म्हणून मला ते मापून बघायचंय. डोळ्याने बघितलेल्याला माप लावता येत नाही, फोटो पाहिजे.

मोबाईल आयपीसवर नीट बसावा म्हणून नायलॉनचा होल्डर स्वतः टर्न करून घेतलाय. मोबाईल अजिबात हलत नाही. तरी फोटोत काय येतं, तर पांढरा गोळा. पट्टे नाहीत, काही नाही. गोळ्याच्या एका कडेला निळी आणि समोरच्या कडेला तांबडी किनार येते. रोज साडेआठच्या सुमारास घराच्या स्लॅबवरून काढतो, कारण पहिली पाळी असली की पहाटे पाचला उठावं लागतं.

गुरू खरंच लंबगोल आहे का? असेल तर मापता येईल असा फोटो या मोबाईलवर निघेल का? आणि गावात उजेड फार आहे म्हणून चोर्ला घाटाच्या बाजूला गाडी करून जावं असं मनात आहे, त्याचा उपयोग होईल का?

---

खानापूर_मास्तर
२७ डिसेंबर २०२५, सकाळी ७:१५

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलांना दुर्बिणीतून गुरू दाखवला की सगळी पट्टे बघतात, चंद्र मोजतात. तो चपटा आहे हे न सांगता ओळखणारं मला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

होय, गुरू खरंच चपटा आहे. अवघ्या नऊ तास पंचावन्न मिनिटांत तो स्वतःभोवती फिरतो. आपल्या पृथ्वीच्या अकरापट रुंद असलेला वायूचा गोळा दहा तासांच्या आत फेरी पुरी करतो म्हटल्यावर त्याचं पोट बाहेर येणारच. म्हणून पट्ट्यांच्या दिशेला, म्हणजे विषुववृत्तावर, तो रुंद आणि ध्रुवांकडे दबलेला. किती दबलेला, तो आकडा मला माहीत आहे, पण आत्ता सांगणार नाही. तुम्हीही कुठं शोधू नका. आधी मापून आणा. आकडा ठाऊक असला की हात नकळत त्या आकड्याकडे झुकतो.

मात्र शॉपमधल्या लोकांची शंकाही रास्त आहे. ओव्हॅलिटी जॉबची की मशीनची, हे तुम्ही रोज कसं तपासता? जॉब फिरवून पुन्हा माप घेता. इथं गुरू फिरवता येत नाही, मग मोबाईल फिरवा. एक फोटो झाला की मोबाईल होल्डरसकट आयपीसवर ९० अंशात वळवा आणि पुन्हा काढा. लांबट बाजू पट्ट्यांबरोबर राहिली तर ती गुरूची. मोबाईलबरोबर फिरली तर ती मोबाईलची.

आरशाचा दोष ताऱ्यावर कळतो. एखादा तेजस्वी तारा मधोमध घेऊन फोकसच्या थोडा आत न्या, मग तेवढाच बाहेर. दोन्हीकडे गोल चकती दिसली तर आरसा ठीक. आत लंबगोल आणि बाहेर त्याच्या आडव्या दिशेला लंबगोल दिसला तर आरशात किंवा तुमच्या डोळ्यात दोष आहे. मान फिरवून बघा, लंबगोल मानेबरोबर फिरला तर डोळ्यात.

आता वेळेचं. तुम्ही साडेआठला फोटो काढता. या दिवसांत तेव्हा गुरू क्षितिजापासून जेमतेम पंधरा-सोळा अंश वर असतो. तिथून येणारा प्रकाश डोक्यावरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा साडेतीनपट जाड हवेतून येतो. ती निळी-तांबडी किनार त्याचीच. हवा लोलकासारखं काम करते, रंग वर-खाली फाकतात आणि ग्रह उभा ताणला जातो. म्हणजे जे मापायचं तेच बिघडतं. रात्री पावणेबाराच्या पुढे बघा, गुरू ६५ अंशांवर गेलेला असतो. १० जानेवारीला गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतोय, त्या सुमारास अकरालाच तेवढ्या उंचीवर मिळेल. पाळीचं गणित तुमचं तुम्हाला, पण एक-दोन शनिवार रात्रीची झोप बाजूला ठेवावी लागेल.

उंचीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. बेळगाव पावणेसोळा-सोळा अंश अक्षांशावर, आणि गुरू यंदा बावीस अंश उत्तरेला. मध्यरात्री तो जवळपास डोक्यावर येतो. युरोपातल्या हौशी लोकांना हे मिळत नाही. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातून ख्रिस्तोफर गो हे गृहस्थ घरच्या दुर्बिणीतून गुरूचे फोटो काढतात. गुरूवरचं एक पांढरं वादळ तांबडं झालं, हे २००६ साली पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. सेबू विषुववृत्ताच्या आणखी जवळ, ग्रह तिथंही डोक्यावर येतात. मोठ्या वेधशाळेत बसून नव्हे, घरी बसून काढलेले फोटो आहेत ते.

आणि चोर्ल्याला जाऊ नका. काळोख लागतो आकाशगंगेला, तेजोमेघांना. गुरूला काळोखाची गरज नाही. ३ जानेवारीला पौर्णिमा आहे, चंद्र गुरूच्या शेजारीच असेल, त्या रात्रीही फोटो येईल. गुरूला लागते थांबलेली हवा. घाटात वारा असतो, राजहंसगडावरही. त्यापेक्षा स्लॅबवरून खाली उतरा. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊन ओकत असतो आणि तुमची दुर्बीण नेमकी त्याच्यावर उभी. तव्यावरून पलीकडे बघावं तसं होतं. येळ्ळूरचे म्हणता, तर शेत असेल. शेतात लावा. आणि दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाला पाहिजे.

---

चिकोडी_८इंच
२७ डिसेंबर २०२५, दुपारी १:०२

डॉब्सनवर ग्रहांचे फोटो म्हणजे वेळ घालवणं. मोटरवाला माउंट आणि ग्रहांसाठीचा वेगळा कॅमेरा घ्या. मी दोन वर्षं मोबाईलने प्रयत्न केले आणि सोडून दिले.

---

निपाणी_डॉब
२७ डिसेंबर २०२५, रात्री ९:३०

चिकोडीच्या दादांचं पटत नाही. मोटर असेल तर सोपं जातं, हे खरं. पण दहा मिमी आयपीस आणि बार्लो लावून २४० पट मोठा केलेला गुरू, दुर्बीण अजिबात न हलवता, आयपीसच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला पंचावन्न सेकंद घेतो. मोबाईलच्या चौकटीत चाळीस सेकंद धरा. तेवढे पुरतात. मी असंच करतो. घरासमोर तंबाखूचं गोदाम आहे, त्याच्या पत्र्यावरून गुरू वर आला की सुरू.

येळ्ळूरचे दादा, तुमची मुख्य चूक म्हणजे तुम्ही फोटो काढताय. फोटो नाही काढायचा, व्हिडिओ काढायचा. हवा सतत हलत असते, तिच्यात सेकंदाला एखाद-दोन क्षण असे येतात की सगळं थांबल्यासारखं होतं. डोळा ते क्षण पकडतो, म्हणून तुम्हाला पट्टे दिसतात. एका फोटोत तो क्षण सापडेल याची खात्री नाही. व्हिडिओत हजारो फ्रेम येतात, त्यातल्या चांगल्या निवडून एकावर एक रचायच्या.

पांढरा गोळा येतो कारण मोबाईलला काळं आकाश दिसतं आणि तो उजेड वाढवत जातो. ओपन कॅमेरा नावाचं फुकट अॅप आहे, त्यात आयएसओ (कॅमेरा उजेड किती पकडतो ते) आणि शटर हाताने लावता येतं. आयएसओ शक्य तेवढा कमी ठेवा, शटर शंभरांश सेकंदाच्या आसपास, आणि स्क्रीनवर गुरू जरा काळपट, राखाडी दिसेपर्यंत उजेड उतरवा. पट्टे लगेच दिसतील. तेव्हा चंद्र दिसेनासे होतात, होऊ देत. एकाच सेटिंगमध्ये दोन्ही मिळत नाहीत.

फोकस मात्र चंद्रांवर घ्या. उजेड वाढवा, चंद्र टाचणीच्या टोकासारखे होईपर्यंत नॉब फिरवा, मोबाईलचा ऑटोफोकस बंद करा, मग उजेड उतरवा. ही युक्ती कळेपर्यंत माझा अख्खा एक हंगाम गेला. व्हिडिओ सुरू करायला स्क्रीनला हात लावू नका, तीन सेकंदांचा टायमर लावा. गुरू चौकटीच्या पूर्वेच्या कडेला आणून सोडा आणि हात मागे घ्या.

मास्तरांनी सांगितलं की तो दहा तासांच्या आत फिरतो. म्हणून सगळे तुकडे तीन मिनिटांत उरकायचे. सहा इंचीत त्याहून जास्त वेळ घेतला तर मधल्या खुणा सरकून पुसट होतात. तीन मिनिटांत चाळीस-चाळीस सेकंदांचे तीन तुकडे बसतात. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर छत्तीसशे झाल्या. पिप नावाच्या प्रोग्रॅममध्ये टाकले की तो प्रत्येक फ्रेममधला गुरू मधोमध आणतो. मग ऑटोस्टॅकर्ट त्यांना चांगल्यापासून वाईटाकडे लावतो. वरच्या चारशे घ्या. चारशे फ्रेम रचल्या की दाणेदारपणा वीसपट कमी होतो. दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत, जुन्या लॅपटॉपवर चालतात.

आमच्याकडे सध्या उसाचं पाचट जाळतात, आकाश धुरकट असतं. त्याची काळजी करू नका. धुराने गुरू थोडा मंद होतो, थरथरत नाही. उलट जी रात्र लई स्वच्छ आणि थंड वाऱ्याची, तारे लखलख करणारे, ती रात्र वाया जाते. तारे लुकलुकत नसतील, जरा धुकट असेल, तेव्हा पळा.

---

लेथवाला_येळ्ळूर
२९ डिसेंबर २०२५, रात्री १२:५०

मास्तर, निपाणीचे दादा, दोघांनी एवढं सविस्तर सांगितलंत, मनापासून आभार. आकडा मी शोधणार नाही, शब्द देतो.

आज शेतात खळ्यावर दुर्बीण लावली. भात काढून मसूर पेरलीय, खळं मोकळंच आहे, शेणाने सारवलेलं. स्लॅबवर गुरू पाण्यात बघितल्यासारखा हलत होता, इथं मधेमधे थांबतो. पण ताऱ्याची परीक्षा घेतली आणि पोटात गोळा आला. फोकसबाहेरची चकती गोल नाही. लंबगोलही नाही. तिकोनी आहे! आत केली तर त्रिकोण उलटा होतो. शिवाय मधलं काळं भोक, म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाची सावली, एका बाजूला सरकलेलं. म्हणजे आरसा गेलाच का?

---

खानापूर_मास्तर
२९ डिसेंबर २०२५, सकाळी ६:४०

आरसा गेलेला नाही. लेथवर पातळ रिंग तीन जबड्यांच्या चकमध्ये जास्त आवळली तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. दुर्बिणीचा आरसा तीन क्लिपांनी धरलेला असतो.

---

लेथवाला_येळ्ळूर
२९ डिसेंबर २०२५, सकाळी ६:५५

मास्तर! तीन जबडे, तीन फुगवटे. कामाला जाताना सगळी वाट हेच डोक्यात. संध्याकाळी खोलतो.

---

खानापूर_मास्तर
२९ डिसेंबर २०२५, सकाळी ७:१०

घाई नको. नळी आडवी ठेवा, आरशाच्या चेहऱ्याला बोट लागू देऊ नका, धूळ असली तर असू द्या, पुसायच्या भानगडीत पडू नका. क्लिपा एवढ्याच सैल करा की क्लिप आणि काच यांच्यामधून वहीचा कागद जाईल. आरसा खडखडला नाही पाहिजे, आवळलाही नाही पाहिजे.

भोक सरकलंय ते आरशाचं तोंड वाकडं झाल्यामुळे, टेम्पोत हलला असणार. त्यासाठी एक टोपी करा. आयपीस ज्या भोकात बसते ते सव्वा इंची, म्हणजे ३१.७५ मिमी. त्यात सरकत बसेल असा नायलॉनचा प्लग, बरोबर मध्यभागी दोन मिलिमीटरचं आरपार भोक. त्यातून डोळा लावा. मोठ्या आरशाच्या मध्यावर एक बारीक गोल टिकली चिकटवलेली असते. आरशामागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवत तुमच्या टोपीच्या भोकाचं प्रतिबिंब त्या टिकलीच्या मध्यात आणा. आधी मोठ्या आरशाचं तोंड छोट्या आरशात पूर्ण दिसतंय ना तेवढं बघा, ते दिसत असेल तर छोट्या आरशाला हात लावू नका. बाजारात हीच टोपी मिळते, पण तुमच्या हातची जास्त मध्यात असेल.

---

अनगोळ_स्टुडिओ
३० डिसेंबर २०२५, दुपारी ३:२०

मी लग्नाचे फोटो-व्हिडिओ करते, आकाशाचा नाद चार वर्षांपासून. मापायचं आहे म्हणून दोन गोष्टी सांगते, कारण सुंदर फोटो आणि मापाचा फोटो वेगळे असतात.

ऑटोस्टॅकर्टमधून जे चित्र येतं ते मऊ, पुसट असतं. सगळे पुढे रेजिस्टॅक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये नेऊन धार वाढवायच्या, वेव्हलेटच्या पट्ट्या ओढतात आणि पट्टे करकरीत करतात. भिंतीवर लावायला जरूर करा. पण माप त्याच्या आधी घ्या. धार वाढवली की कडेवर एक खोटी पांढरी रेघ उमटते आणि तिच्या आत कांद्याच्या सालीसारखी वर्तुळं येतात. मग कड नेमकी कुठली हे कळत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या गुरूंवर ती कांद्याची सालं आहेत, आता बघवत नाहीत.

कड कुठं धरायची हेही आधी ठरवा. गुरूच्या कडा मुळातच मधल्या भागापेक्षा काळपट असतात. चित्र मोठं करून मध्यापासून बाहेर जा, उजेड जिथं निम्मा होतो तो पिक्सेल कड म्हणून धरा. चारही बाजूंना हाच नियम. डोळ्याला वाटेल तिथं रेघ मारू नका. आणि जास्त उजेडात काढलेला व्हिडिओ मापाला घेऊ नका. उजेड फुटला की गोळा सगळीकडून सारखा फुगतो, आणि लांबी-रुंदी दोन्हीत तेवढीच भर पडली की लंबगोल गोलाकडे जातो.

पट्टे चित्रात तिरके आले असतील तर आधी चित्र फिरवून आडवे करा, मग मापा. दादा, माप आल्यावर कच्चं चित्रही इथं टाका. मला बघायचंय.

---

लेथवाला_येळ्ळूर
११ जानेवारी २०२६, सकाळी १०:३०

काल शनिवार होता. काल रात्री झालं.

आधी दुरुस्तीचं सांगतो. तिन्ही क्लिपा खरंच पिळून आवळलेल्या होत्या, एक तर एवढी की तिचं रबर दबून चपटं झालेलं. कागद जाईल एवढ्या सैल केल्या. टोपी ३१.७० ला टर्न केली, पाच शतांशाची सवलत, सरकत बसते आणि हलत नाही. भोक चकमधून न काढता त्याच सेटिंगमध्ये पाडलं, म्हणजे रनआउटचा, भोक मध्यातून सरकण्याचा, प्रश्न नाही. दहावीतली पुतणी नळीच्या मागे बसून स्क्रू फिरवत होती, मी टोपीतून बघून सांगत होतो. पाऊण तास गेला. त्या रात्री ताऱ्याची चकती बघितली, गोल, भोक मधोमध. त्रिकोण गेला तेव्हा मला जो आनंद झाला तो इथं कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

३ तारखेला वारा होता, ४ ला ढग. काल संध्याकाळपासून हवा पडलेली. साडेनऊला दुर्बीण खळ्यावर ठेवली आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला बसलो. दव एवढं की नळीवरून पाणी ओघळत होतं, शोधक दुर्बिणीची काच दोनदा पुसावी लागली. तारे मात्र थंड, स्थिर. अकराला सुरू केलं. शेजारच्या शेतातले कन्नड बोलणारे अज्ज पाणी सोडायला आले होते, त्यांनी आयपीसला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, "छलो ऐती." म्हणजे छान आहे. चार चंद्र त्यांनी बोटं मोजत सांगितले.

तीन मिनिटांत तीन तुकडे. मग होल्डर ९० अंशात फिरवून पुन्हा तीन. साडेबाराच्या पुढे गुरू इतका डोक्यावर आला की डॉब्सन उजवी-डावीकडे वळेनाच, तिथं थांबलो. घरी येऊन रात्री अडीचपर्यंत लॅपटॉपवर. पहिलं रचलेलं चित्र उघडलं तेव्हा दोन पट्टे होतेच, पण उत्तरेकडच्या पट्ट्याच्या खालच्या कडेला निळसर टोकं लोंबलेली दिसली. ती मला डोळ्याने कधी दिसली नव्हती.

माप. अनगोळच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे निम्म्या उजेडावर कड धरली, धार न वाढवलेल्या चित्रावर. प्रत्येक माप पाच वेळा घेऊन सरासरी काढली.

मोबाईल सरळ: पट्ट्यांच्या दिशेला २१२ पिक्सेल, ध्रुवांच्या दिशेला १९९.
मोबाईल ९० अंशात फिरवून: पट्ट्यांच्या दिशेला २११, ध्रुवांच्या दिशेला १९८.

लांबट बाजू पट्ट्यांबरोबरच राहिली. म्हणजे मोबाईलची नाही. आरशाची परीक्षा आधीच झाली होती. ओव्हॅलिटी जॉबची आहे. शंभराला सहा.

डिसेंबरातला पांढरा गोळाही मापून बघितला, २३१ आणि २२४. शंभराला तीनच. ताई म्हणाल्या तसंच, फुगून गोलाकडे गेलेला.

मास्तर, आता आकडा सांगा. रात्रभर हात शिवशिवत होते, पण शोधला नाही.

---

खानापूर_मास्तर
११ जानेवारी २०२६, सकाळी ११:०५

विषुववृत्तावर गुरूचा व्यास १,४२,९८४ किलोमीटर. ध्रुवांमधला १,३३,७०८ किलोमीटर. भागून बघा. शंभराला साडेसहा.

तुमचं माप सहा आणि थोडं वर. जी शंभराला अर्ध्याहून कमी तूट आहे तीही समजण्यासारखी आहे. हवा आणि सहा इंची आरसा मिळून कड थोडी पुसट करतात. लांबी-रुंदी दोन्हीत सारखी भर पडते आणि गुणोत्तर जरासं गोलाकडे सरकतं. तुमच्या पांढऱ्या गोळ्यात जे मोठ्या प्रमाणावर झालं तेच इथं अगदी थोडं झालं. म्हणजे चूक कुठल्या बाजूला जाणार हेही बरोबर निघालं.

न्यूटनच्या काळात कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने गुरूचा एक व्यास दुसऱ्यापेक्षा सुमारे पंधराव्या भागाने जास्त आहे असं मापलं होतं. न्यूटनने ते माप आपल्या ग्रंथात घेतलं, कारण फिरणारा गोळा चपटा होतो हे त्याला दाखवायचं होतं. तुमचे २१२ आणि १९९ घेतले तर सोळाव्या भागाचा फरक येतो. येळ्ळूरच्या खळ्यावरून.

हे चित्र छापून शॉपमध्ये लावा. खाली आकडेही लिहा.

---

अनगोळ_स्टुडिओ
११ जानेवारी २०२६, दुपारी १२:४०

कच्चं चित्र बघितलं. कडा स्वच्छ आहेत, उजेड कुठंही फुटलेला नाही. छपाई माझ्याकडे करून घ्या, शहापूरच्या बाजूने येत असाल तर सांगा. पैसे घेणार नाही.

---

चिकोडी_८इंच
११ जानेवारी २०२६, रात्री ८:१५

मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. माझ्या आठ इंचीच्या क्लिपा आज बघितल्या, त्याही आवळलेल्याच होत्या. टोपी एक मलाही करून द्याल का? बेळगावला येऊन नेतो.

---

लेथवाला_येळ्ळूर
११ जानेवारी २०२६, रात्री ९:००

चिकोडीचे दादा, नायलॉनचा रॉड शिल्लक आहे, चार टोप्या होतील. निपाणीच्या दादांना पण एक. येताना तुमच्या फोकसरचं, म्हणजे आयपीस बसते ते, भोक व्हर्नियरने मापून आणा, सगळ्यांचं ३१.७५ असेलच असं नाही.

ताई, शनिवारी दुपारी येतो.

मास्तर, एक विचारायचं राहिलं. फिरण्याने चपटं होत असेल तर शनीही झाला पाहिजे. कडी आता रेघेएवढीच आहे, ध्रुवाकडची कड झाकत नसेल. मापता येईल का? संध्याकाळी किती वाजेपर्यंत मिळेल?

---

खानापूर_मास्तर
११ जानेवारी २०२६, रात्री ९:२०

येईल. शनी गुरूहूनही चपटा आहे, आकडा याही वेळी नंतर. सध्या अंधार पडताच तो पश्चिमेच्या बाजूला बराच वर असतो, दहानंतर मावळतो. साडेआठच्या आत काढा, त्यापुढे खाली गेला की तुमची ती निळी-तांबडी किनार पुन्हा येईल. दिसायला गुरूच्या निम्म्याहून लहान आहे आणि मंद आहे, शटर जरा लांब ठेवा. कडीची रेघ आडवी जाते, त्या दिशेचं माप घेताना कडी वगळून गोळ्याची कड धरायला त्रास होईल. त्यावर काय करता येईल ते मीही विचार करतो.

---

लेथवाला_येळ्ळूर
११ जानेवारी २०२६, रात्री ९:२५

उद्या पहिली पाळी आहे. सात वाजता खळ्यावर असतो.